शस्त्रक्रियेआधी वस्तरा का नको?

दाढी झाल्यावर न्हावी गालावर तुरटी फिरवतो आणि गाल चुरचुरतो. रक्त तर दिसत नाही, मग ही चुरचुर कशाची? पाते फिरताना केसांबरोबर कातडीचा वरचा थरही जागोजागी खरवडला जातो. हे ओरखडे डोळ्यांना दिसत नाहीत, तुरटीला मात्र बरोबर सापडतात.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी रुग्णाची कातडी वस्तऱ्याने गुळगुळीत करण्याची पद्धत वर्षानुवर्षे चालत आली. केस गेले की जंतूही गेले, असा त्यामागचा विचार. तो आपण तपासून पाहू.

आपल्या कातडीवर जंतूंची कायमची वस्ती असते. स्टॅफिलोकॉकस हे त्यांतले नेहमीचे रहिवासी. ते केसांच्या मुळांशीही राहतात. कातडी धड असेल तर ते सहसा त्रास देत नाहीत. ओरखड्यात मात्र त्यांना ओलावा आणि अन्न दोन्ही मिळते. एक जंतू दर तासाला दुप्पट होतो असे धरले, तर १२ तासांत एकाचे किती? मुलांना फळ्यावर मांडू द्या. उत्तर येईल ४०९६!

१९७१ साली सेरोपियन आणि रेनॉल्ड्स यांनी प्रत्यक्ष मोजणी प्रसिद्ध केली. वस्तरा फिरवलेल्या रुग्णांपैकी ५.६ टक्के जणांच्या जखमेत संसर्ग झाला. केस तसेच ठेवलेल्या किंवा केस काढण्याचे मलम लावलेल्या रुग्णांत हे प्रमाण अवघे ०.६ टक्के होते. वस्तरा २४ तासांहून आधी फिरवला असेल तर ते २० टक्क्यांच्याही वर गेले. जंतूंना जितका वेळ, तितका धोका जास्त.

म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली सांगितले, की केस शक्यतो काढू नयेत; काढावेच लागले तर कापण्याच्या यंत्राने बारीक कापावेत, वस्तरा वापरू नये. मग क्लोरहेक्सिडिन मिसळलेले अल्कोहोल लावावे. अल्कोहोल जंतूंना झटकन मारते, पण उडून जाते. क्लोरहेक्सिडिन कातडीला चिकटून पुढे काम करत राहते. हे द्रावण आपोआप वाळू द्यावे लागते, कारण ओल्या अल्कोहोलला विजेच्या उपकरणाच्या ठिणगीने आग लागू शकते.

एवढे करूनही कातडी पूर्ण निर्जंतुक होत नाही. खोलवरचे काही जंतू उरतातच. म्हणून नवे ओरखडे टाळणे महत्त्वाचे. घरात कोणाची शस्त्रक्रिया ठरली, तर ‘आधीच सफाई करून जाऊ’ म्हणून वस्तरा हाती घेऊ नये, एवढे विद्यार्थ्यांनी घरी जरूर सांगावे.