इराण वाचायला कुठून सुरुवात करावी?

थेट १९७९च्या क्रांतीवरचं पुस्तक उचलू नका. आधी स्टीफन किंझर यांचं 'ऑल द शाह्ज मेन' (२००३) वाचा. पंतप्रधान मोसादेग यांनी १९५१मध्ये ब्रिटिशांच्या हातातला तेलउद्योग राष्ट्रीयीकृत केला आणि १९५३मध्ये सीआयए व ब्रिटिश गुप्तहेरांनी त्यांचं सरकार उलथवलं, त्याची ही हकिगत. रहस्यकथेसारखी पळते, इतकी, की देशांतर्गत राजकारण जरा मागे पडतं. ती उणीव इतिहासकार एर्वंद अब्राहमियन भरून काढतात. जड आहेत, पण पक्के.

माझं सर्वांत आवडतं मात्र रॉय मोत्तहेदेह यांचं 'द मॅन्टल ऑफ द प्रॉफेट' (१९८५). कोम शहरात वाढलेल्या एका मुल्लाची जीवनकथा (नाव बदललेलं) आणि मध्येमध्ये इराणच्या विचारपरंपरेचा इतिहास. मदरशात तर्कशास्त्र, व्याकरण कसं घोटून घेतात, वाद कसे घालतात, हे इतक्या आपुलकीनं लिहिलेलं मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

इराणनंतर अरबांच्या इतिहासाकडे वळायचं असेल, तर आल्बर्ट हौरानी यांचा १९९१चा ग्रंथ आहेच. त्याची सुरुवात इतिहासकार इब्न खल्दूनपासून होते. सलग वाचवत नसेल, तर शहरांवरची प्रकरणं आधी घ्या. आणि कृपा करून इराण्यांना अरब म्हणू नका!