तीन किलोंची रायफल

अहिल्यानगर शहराला लागून असलेले भिंगार हे छावणीचे गाव. १८०३ च्या ऑगस्टमध्ये आर्थर वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला आणि पुढे किल्ल्याच्या आसपास लष्कराची वस्ती वाढत गेली. आज इथे आर्मर्ड कोर सेंटर अँड स्कूल आहे, मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचे केंद्र आहे आणि १९९४ पासून रणगाडा संग्रहालयही आहे. चाळीस-पन्नास टनांची पोलादी धुडे पाहायला लोक लांबून येतात. पण छावण्यांच्या इतिहासाने अभियंत्यांपुढे एक फार नाजूक प्रश्नही टाकला होता: दिवसभर खांद्यावर वागवता येईल आणि तरीही नेम चुकणार नाही, अशी हलकी रायफल कशी घडवायची? या प्रश्नाचे उत्तर शोधताना पदार्थविज्ञान, सुतारकाम, धातुकाम आणि माणसाच्या शरीराची ठेवण या सगळ्यांचा मेळ घालावा लागला. तो कसा घातला गेला, हे जाणून घेण्यासारखे आहे.

घोडेस्वार आणि माळरान

हलक्या रायफलीची पहिली गरज घोडेस्वारांना भासली. १८९५ ची लांब ली-एनफिल्ड सव्वा मीटर लांबीची आणि चार किलोंहून जड होती. पायदळाला ती चालत असे, पण खोगिराला लटकवून दौडायला ती अवघड. म्हणून १८९६ मध्ये घोडदळासाठी आखूड कार्बाइन निघाली. तिची नळी सुमारे २१ इंचांची आणि वजन साधारण साडेतीन किलो. मात्र लांब पल्ल्यावर ती कमी पडे. अखेर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘शॉर्ट ली-एनफिल्ड’ आली. २५ इंचांच्या नळीची ही एकच रायफल पायदळ आणि घोडदळ दोघांच्याही हाती गेली. किती आखूड केले तर चालते आणि कुठे थांबायचे, याचा हा पहिला मोठा धडा होता.

दुसरी गरज शिकारीची. छावणीच्या पलीकडे नगर जिल्ह्यातले उघडे माळ पसरलेले होते. कुसळी गवत, हिवर, खुरट्या बाभळी, आणि त्यांत काळवीट, चिंकारा, माळढोक. काळविटाचा नर जेमतेम ३५ ते ४० किलोंचा, पण पळायला लागला की मोटारीलाही भारी. आडोसा नसलेल्या माळावर त्याच्या जवळ जाणे कठीण. मैलोन् मैल चालायचे, शेवटचे अंतर पोटावर सरकत कापायचे आणि शंभर-दीडशे मीटरवरून एकच अचूक गोळी टाकायची. वाघा-गव्यासाठी बनवलेली पाच किलोंची दुनळी इथे निरुपयोगी. असल्या मुलखाला हलकी, सपाट मार्गाने गोळी टाकणारी एकनळी रायफलच हवी.

अशा दोन रायफली त्या काळात नावाजल्या गेल्या. पहिली ऑस्ट्रियातली १९०३ ची मानलिखर-शोनाउर. तिची नळी जेमतेम १८ इंचांची, वजन तीन किलोंच्या आसपास आणि पोटात फिरकीसारखे वळणारे मॅगझीन. काडतुसे एकमेकांवर न घासता त्यात गोल बसत, म्हणून बोल्ट लोण्यासारखा सरकत असे. दुसरी लंडनच्या जॉन रिग्बी यांची पॉइंट २७५. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल संयुक्त प्रांताच्या नायब राज्यपालांनी १९०७ मध्ये हीच रायफल जिम कॉर्बेटना भेट दिली. १९२६ मध्ये रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या कॉर्बेटनी याच रायफलीने टिपला. अंधारात नेम धरता यावा म्हणून त्यांनी रायफलीवर विजेची बॅटरी बसवली होती. कामानुसार हत्यारात बदल करण्याचे याहून बोलके उदाहरण सापडणे अवघड.

हलकेपणाची किंमत

रायफल हलकी केली की काय होते? गोळी आणि बारुदाचा वायू पुढे ज्या संवेगाने जातात, तेवढ्याच संवेगाने रायफल मागे येते. काडतूस तेच ठेवले आणि रायफलीचे वजन चारवरून तीन किलोंवर आणले, तर धक्क्याची ऊर्जा एक तृतीयांशाने वाढते. धक्का वाढला की माणूस नकळत डोळे मिटतो, खांदा आखडतो आणि चाप झटक्याने ओढतो. नेम बिघडतो तो इथे. म्हणून हलकी रायफल निवडायची तर काडतूसही माफक निवडावे लागते. रिग्बीचे पॉइंट २७५ म्हणजे मूळचे जर्मन ७ बाय ५७ मिलिमीटरचे काडतूस. नऊ ते अकरा ग्रॅमची लांबट गोळी आणि सोसण्याजोगा धक्का, यांमुळेच ते हलक्या रायफलींत शोभून दिसले.

दुसरी किंमत नळीच्या जाडीची. दांडी वाकण्याला किती विरोध करते, हे तिच्या व्यासाच्या चौथ्या घातावर ठरते. म्हणजे नळी दहा टक्के बारीक केली तर तिचा ताठपणा सुमारे एक तृतीयांशाने घटतो. गोळी सुटताना नळी थरथरते, आणि बारीक नळी जास्त थरथरते. ती लवकर तापते आणि तापली की नेम सरकू लागतो. चांदमारीत सलग चाळीस-पन्नास गोळ्या झाडणाऱ्याला हा दोष मारक ठरेल. शिकाऱ्याला मात्र थंड नळीची पहिली गोळी हवी असते, फार तर दुसरी. त्याला बारीक नळी परवडते.

तिसरी किंमत लांबीची. नळी जेवढी आखूड, तेवढा वायूला गोळी ढकलायला कमी वेळ. इंचामागे गोळीचा वेग साधारण पाच ते दहा मीटर प्रतिसेकंद कमी होतो. शिवाय आवाज आणि भडका वाढतो.

या तिन्ही किमती एकदम मोजाव्या लागल्या त्या ‘जंगल कार्बाइन’ला. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४ मध्ये, ब्रिटिशांनी ली-एनफिल्डची पाचव्या क्रमांकाची आवृत्ती काढली. नळी २५ वरून १९ इंचांखाली आणली, पोलादाचे भाग जागोजागी खरवडले, बोल्टची मूठसुद्धा आतून पोकळ केली. सुमारे नऊशे ग्रॅम वजन वाचले आणि रायफल सव्वातीन किलोंच्या आत आली. पण धक्का इतका वाढला की दस्त्याला रबराची गादी लावावी लागली. गादी अरुंद असल्याने तोही मार खांद्याच्या एकाच जागी बसे. त्याहून गंभीर तक्रार वेगळीच होती: आज लावलेला नेम उद्या टिकत नाही. त्यावर खात्रीचा उपाय सापडला नाही आणि १९४७ मध्ये तिचे उत्पादन थांबले. वजन कुठून काढले, याला वजन किती काढले याच्याइतकेच महत्त्व आहे, हे त्या रायफलीने दाखवून दिले.

ग्रॅम कुठून काढायचे

यानंतरच्या कारागिरांनी हे काम अधिक विचाराने केले. १९५२ मध्ये अमेरिकेत विंचेस्टरची ‘मॉडेल ७०’ फेदरवेट आली. तिची नळी २२ इंचांची आणि बारीक, चापाचे कडे आणि मॅगझीनचे झाकण अॅल्युमिनियमचे. जिथे ताण येत नाही तिथले पोलाद काढले आणि बोल्ट जिथे नळीमागच्या सांगाड्यात (रिसीव्हरमध्ये) कुलपासारखा अडकतो तिथले ठेवले. १९८० च्या दशकात मेल्विन फोर्ब्स या अमेरिकी कारागिराने आणखी पुढची मजल मारली. त्याने केव्हलार आणि कार्बनच्या धाग्यांचा दस्ता बनवला. त्याचे वजन अर्ध्या किलोच्या घरात, तरी तो लाकडापेक्षा ताठ. आणि नळी मोकळी न सोडता त्याने ती दस्त्यात टोकापर्यंत बसवून घेतली, म्हणजे ताठ दस्ता बारीक नळीची थरथर आवरू लागला. नळीचे उणेपण दस्त्याने भरून काढले. दुर्बीण सोडून अडीच किलोंच्या आतली, तरीही नेमकी रायफल या युक्तीने शक्य झाली.

दस्ता कशाचा, याला आपल्या हवेत फार महत्त्व आहे. अक्रोडाचे लाकूड हलके आणि चिवट. शिसवाचे देखणे, पण जड. दोन्ही लाकडे पावसाळ्यात ओल शोषतात, फुगतात आणि नळीला एका बाजूने रेटतात, मग एप्रिलमध्ये लावलेला नेम ऑगस्टमध्ये चुकतो. बंगालमधल्या इच्छापूरच्या रायफल कारखान्यात बनलेल्या जुन्या ली-एनफिल्डच्या पुढच्या लाकडातून एक आडवा स्क्रू आरपार गेलेला दिसतो. हिंदुस्थानच्या हवेत लाकूड तडकू नये म्हणून घातलेला तो स्क्रू जाणकार लांबूनही ओळखतात.

नळी लाकडाला कुठे टेकते आहे का, हे पाहण्याची जुनी रीत अगदी सोपी आहे. कागदाची पट्टी नळी आणि लाकूड यांच्या फटीत घालून टोकापासून मागे ओढत न्यायची. पट्टी जिथे अडते, तिथले लाकूड बारीक कानशीने घासायचे. पट्टी शेवटपर्यंत विनाअडथळा सरकली की नळी मोकळी झाली. या कामात वजन फार तर दोन-चार ग्रॅम घटते, पण नेमात पडणारा फरक स्पष्ट दिसतो.

वजनाचा हिशेब करताना अनेकांची नजर फक्त रायफलीवर राहते. दुर्बीण आणि तिच्या कड्या मिळून सहज अर्धा किलो होतात. पट्टा वेगळा आणि पाच काडतुसांचे शंभर-सव्वाशे ग्रॅम वेगळे. मोठ्या भिंगाची दुर्बीण लावून कार्बनचा दस्ता विकत घेणे म्हणजे एका हाताने काढून दुसऱ्या हाताने घालणे.

अंगाला बसणारी रायफल

रायफल अंगाला बसली नाही तर वजनाचा सगळा हिशेब फुकट जातो. दस्ता हा पायातल्या वहाणेसारखा असतो, दुसऱ्याच्या मापाचा चालत नाही. चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंतचे अंतर हाताच्या लांबीवर ठरते. गाल टेकायची उंची चेहऱ्यावर आणि दुर्बिणीच्या उंचीवर ठरते. जुने बंदूककार गिऱ्हाइकाला डोळे मिटून रायफल खांद्याला लावायला सांगत आणि मग डोळे उघडायला लावत. डोळे उघडताच माशी खाचेत बरोबर दिसली तर दस्ता बसला. मान वाकवावी किंवा ताणावी लागली तर लाकूड कमी-जास्त करायचे. विलायती दस्ते बहुधा उंच माणसांच्या मापाचे असत. आपल्याकडे त्यांची मागची बाजू एक-दोन सेंटिमीटरने कमी करून घेणे ही नेहमीची दुरुस्ती होती, आणि त्यात वजनही आपसूक घटे.

चाप हलका करण्याचा मोह अनेकांना होतो. शिकारी रायफलीचा चाप साधारण दीड किलोच्या ओढीला सुटावा असे मानले जाते. त्याहून फार हलका चाप थंडीने गारठलेल्या किंवा धापा टाकणाऱ्या माणसाच्या बोटाला धोक्याचा. चाप स्वच्छ सुटणे महत्त्वाचे. फार हलका असण्याची गरज नाही.

कायद्याची चौकट

भारतात काडतुसाची निवड पूर्वीपासून कायद्याने बांधलेली आहे. लष्करी पॉइंट ३०३ नागरिकांना बंद, म्हणून त्याच ली-एनफिल्डच्या यंत्रणेवर पॉइंट ३१५ चे काडतूस बसवले गेले. मूळ ऑस्ट्रियन मानलिखरच्या या काडतुसाची गोळी जवळजवळ १६ ग्रॅमची, वेग मध्यम. इच्छापूरची पॉइंट ३१५ स्पोर्टिंग रायफल आजही परवानाधारकांच्या परिचयाची आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवाना लागतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्यपणे दोनच हत्यारे बाळगता येतात. हत्यार दुरुस्त करून द्यायचे तर त्या कारागिराकडेही परवाना लागतो, आणि परवान्याविना नळी आखूड करणे हा गुन्हा आहे. घरच्या घरी रायफल कापून हलकी करण्याचा विचारही कुणी करू नये.

शिकारीचा तर प्रश्नच उरलेला नाही. मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्यप्राण्यांसाठी कायदा केला आणि १९७२ च्या केंद्रीय वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आली. ज्या काळविटासाठी हलकी रायफल घडवली जाई, त्याच्यासाठी कर्जत तालुक्यात रेहेकुरीचे अभयारण्य १९८० मध्ये झाले. त्याचे क्षेत्र अवघे २.१७ चौरस किलोमीटर. माळढोकासाठी सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतले अभयारण्य त्याच्या एक वर्ष आधीचे. तो पक्षी आज या माळांवर जवळजवळ दिसत नाही. या माळांचे रक्षण ही आपल्या पिढीची जबाबदारी आहे, आणि कायदा मनापासून पाळणे हा तिचाच भाग आहे.

तेच शास्त्र, उलटे उत्तर

रायफल शरीराला बसवण्याची विद्या आता नेमबाजीच्या मैदानात नांदते आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकले. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. या प्रकारात रायफलीला आठ किलोंपर्यंत मुभा आहे आणि दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे. नेमबाज गुडघ्यावर, पालथा आणि उभा अशा तिन्ही अवस्थांत गालाची पट्टी आणि दस्त्याची मागची चकती मिलिमीटरने हलवतो, नळीवर वजनेही चढवतो. शिकारी वजन काढतो आणि हा वजन घालतो, पण दोघांचे शास्त्र एकच. मैलोन् मैल चालणाऱ्याला हलकेपणा हवा, एका जागी स्थिर राहणाऱ्याला जडपणा.

म्हणून रायफल निवडणाऱ्याने प्रश्न याच क्रमाने विचारावेत. काम कोणते? त्या कामाला कायदा परवानगी देतो का? काडतूस कोणते सोसेल? दस्ता अंगाला बसतो का? या चारही प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे मिळाली, की रायफल किती किलोंची असावी हे वेगळे ठरवावे लागत नाही.