गाल्बी-जिम: आधी काढायचं, मग घालायचं

मटणाचा रस्सा करायचा म्हटलं की आपला हात आधी तेलाकडे जातो. कांदा-खोबरं भाजायचं, वाटण तेल सुटेपर्यंत परतायचं आणि मग त्यात मटण घालायचं. चव एकेक थर चढवत न्यायची, हा आपला शिरस्ता. कोरियात सणासुदीला घरोघरी शिजणारं गाल्बी-जिम, म्हणजे गोमांसाच्या बरगड्यांचं मंद आचेवर मुरवलेलं कालवण, बरोबर उलट्या बाजूने सुरू होतं. त्यात पहिले दोन तास घालायचं जवळजवळ काहीच नसतं, काढायचंच असतं. मांसातलं रक्त, उकळीला वर येणारा मळ, सुटी चरबी, इतकंच काय, गाजर-मुळ्याच्या धारदार कडासुद्धा. हे काढणं नीट झालं तर पुढचं काम आच आणि वेळ करतात. ते टाळलं तर कितीही महागडा सोया सॉस ओतला तरी रस गढूळ आणि जड लागतो. या पदार्थाच्या पाककृतींमध्ये सॉसच्या मापांना जेवढी जागा मिळते त्याच्या निम्मीही या काढण्याला मिळत नाही, म्हणून इथे त्यावरच जास्त थांबते.

सुरुवात खाटकाकडून. बरगड्या हाडासकट हव्यात, साधारण ५ ते ६ सेंटीमीटर लांबीच्या तुकड्यांत कापलेल्या, आणि प्रत्येक तुकड्यात एकच जाड हाड. कोरियन दुकानांत 'एलए गाल्बी' नावाने मिळतात त्या आडव्या कापलेल्या पातळ पट्ट्या घेऊ नका. त्यात एका पट्टीत हाडाच्या तीन-चार चकत्या असतात आणि त्या झटपट भाजण्यासाठी असतात. दोन तास शिजवल्या तर हाडं एकीकडे आणि मांसाचा चुरा दुसरीकडे. मांसात पांढऱ्या रेषा असलेला, हाडाला पातळ पडदा चिकटलेला तुकडा निवडावा. ज्याला आपण एरवी चिवट म्हणून नाकं मुरडतो तोच इथे उपयोगाचा.

हे तुकडे थंड पाण्यात बुडवून तास-दोन तास ठेवायचे आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदलायचं. पहिलं पाणी दहा मिनिटांतच लालसर होतं. कोरियन गृहिणी याला रक्त काढणं म्हणतात. त्यातला बराचसा लाल रंग स्नायूंतल्या मायोग्लोबिनचा असतो, आणि करवतीने कापलेल्या हाडांच्या पोकळीतून रक्तही उतरतं. भांड्याच्या तळाशी बोट फिरवून पाहा, हाडाची बारीक कणी लागेल. हे सगळं आत राहिलं तर शिजताना गोठून राखाडी फेस होतो आणि रसात विरतो. चौथ्या पाण्याला रंग जवळजवळ उरत नाही, तेव्हा थांबायचं. उन्हाळा असेल तर भांडं फ्रिजमध्येच ठेवावं.

बरगड्या पाण्यात आहेत तोवर हा पदार्थ सणाचाच का, ते पाहू. चुसॉक हा कोरियाचा सुगीचा सण चांद्र पंचांगाच्या आठव्या महिन्यातल्या पौर्णिमेला येतो. आपल्या हिशेबाने ती बहुतेकदा भाद्रपद पौर्णिमा असते, आणि एखाद्या वर्षी महिना पुढे सरकला की कोजागिरी. २०२५ मध्ये ६ ऑक्टोबरला कोजागिरी आणि चुसॉक एकाच रात्री होते. चुसॉकला आणि चांद्र नववर्षाला, म्हणजे सॉल्लालला, माणसं गावी जातात, पितरांना नैवेद्य दाखवतात आणि मग सगळं घर जेवायला बसतं. त्या जेवणात मानाचं पातेलं याच कालवणाचं. कोरियातल्या देशी हानू गाईंचं मांस आजही एवढं महाग आहे की त्यांच्या बरगड्या सुबक खोक्यांत बांधून चुसॉकची भेट म्हणून दिल्या जातात.

दुर्मीळपणाची ही गोष्ट जुनी आहे. जोसॉन राजवटीत (१३९२ ते १९१०) बैल म्हणजे नांगर. बैल कापला तर शेती बुडाली, म्हणून दरबार पुन्हा पुन्हा गुरांच्या कत्तलीवर बंदीचे हुकूम काढत राहिला. हुकूम पुन्हा पुन्हा काढावे लागले यावरूनच लोक ते किती पाळत होते हे कळतं. गंमत म्हणजे राजधानीत गोमांस विकायची परवानगी होती ती 'ह्यॉनबांग' दुकानांना, आणि ती चालवणारी माणसं होती सॉंगग्युनग्वान या कन्फ्यूशियन विद्यापीठाची सेवेकरी मंडळी. विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या जेवणात गोमांस असे. म्हणजे ज्यांनी पुढे बंदीचे हुकूम लिहायचे, ते शिकत असताना बरगडीच्या चवीला सरावलेले होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या 'शिउइजॉनसॉ' या पाकग्रंथात बरगड्यांच्या या कालवणाची कृती 'गारी-जिम' या नावाने येते.

जनावर कापणाऱ्याचं काय? गावोगावी हे काम बेकजॉंग जमातीकडे होतं. त्यांची वस्ती वेगळी, पेहराव वेगळा, आणि त्यांच्याशी सोयरीक नाही. १८९४ च्या सुधारणांनी कायद्यातला भेद संपवला, समाजातला नाही. १९२३ मध्ये, महाडच्या सत्याग्रहाच्या चार वर्षं आधी, दक्षिणेतल्या जिंजू शहरात बेकजॉंगांनी 'ह्यॉंगप्यॉंगसा' ही समतेसाठी झगडणारी संघटना काढली. मुलांना शाळेत घ्यावं आणि सरकारी नोंदींतून जातीची खूण पुसावी या तिच्या मागण्या होत्या. सणाच्या ताटातल्या बरगडीला ज्या हातांनी आकार दिला त्यांना त्या पंगतीत जागा नव्हती, हे हा पदार्थ करताना माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

आता पाणी ओतून द्या. मोठ्या पातेल्यात पाणी खळखळ उकळवून त्यात बरगड्या टाकायच्या आणि ५ ते ८ मिनिटं उकळू द्यायच्या. राखाडी फेस भराभर वर येईल. तो चमच्याने काढत बसायची गरज नाही, कारण हे सगळंच पाणी फेकायचं आहे. बरगड्या चाळणीत काढून वाहत्या गार पाण्याखाली एकेक तुकडा चोळून धुवा. हाडाला चिकटलेला मळ आणि कडेची जाड चरबी सुरीने काढा. मांसाच्या जाड भागाला दोन-तीन उथळ चिरा द्या, मात्र हाडापर्यंत नको. आपल्याला इथे धास्ती वाटते की सगळी चव धुऊन गेली. ती जात नाही. रसाला दाटपणा देणारं कोलॅजनही हाडाजवळच्या पडद्यांत घट्ट बसलेलं असतं, आणि पाच मिनिटांच्या उकळीला ते दाद देत नाही.

दीड किलो बरगड्यांना अर्धा कप सोया सॉस, तीन मोठे चमचे साखर, तेवढीच तांदळाची वाइन, एक मोठं नासपती, एक कांदा, आठ-दहा लसूण पाकळ्या, बोटाच्या पेराएवढं आलं आणि अर्धा चमचा मिरपूड. फळ, कांदा, आलं, लसूण कच्चंच वाटायचं. परतणं नाही, फोडणी नाही. सोया सॉस मात्र कोरियन घ्या आणि बाटली पाहून घ्या. सूपसाठीचा 'गुक-गानजांग' फार खारट असतो, इथे 'जिन-गानजांग' किंवा 'यांगजो-गानजांग' हवा. आपल्याकडे नूडल्ससाठी आणतात तो दाट काळा डार्क सोया रंग देतो, पण त्याची कडवट गोडी इथे खटकते. सोयाबीन आंबवून सॉस आणि पेस्ट घरी घालण्याच्या कोरियन परंपरेला युनेस्कोने डिसेंबर २०२४ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, यावरून तिथल्या स्वयंपाकघरात या बाटलीची जागा कळेल.

नासपतीबद्दल एक मत मांडते. कोरियन नासपती, विशेषतः नाजू शहराकडचं, गोल, भुऱ्या सालीचं आणि रसाने गच्च असतं. त्यातली विकरं मांस मऊ करतात असं सांगितलं जातं आणि ते खरंही आहे. पण ती वरच्या थरापलीकडे फारशी जात नाहीत आणि पातेलं तापलं की निकामी होतात. भाजायच्या पातळ मांसासाठी त्यांचा उपयोग मोठा आहे. दोन तास शिजणाऱ्या जाड तुकड्यात मऊपणा येतो तो वेळेमुळे. नासपती हवं ते त्याच्या हलक्या गोडीसाठी आणि वासासाठी. म्हणून ते मिळालं नाही तर काश्मिरी नासपती किंवा गोड सफरचंद बिनधास्त घ्या. अननस किंवा किवी मात्र नको. त्यांची विकरं जोरकस असतात, आणि रात्रभर मुरवलं तर मांसाच्या कडा पिठूळ होतात.

बरगड्या, निम्मं वाटण-सॉसचं मिश्रण आणि बुडेल एवढं पाणी, साधारण तीन कप, जाड बुडाच्या पातेल्यात घालून उकळी आणा आणि लगेच आच इतकी कमी करा की बुडबुडा अधूनमधूनच फुटेल. झाकण किंचित उघडं. कोलॅजन सत्तरेक अंश सेल्सियसच्या पुढे हळूहळू विरघळून जिलेटिन होऊ लागतं, आणि त्यासाठी त्याला तास लागतात. खळखळ उकळलं तर स्नायूंचे धागे आकसून पाणी सोडतात आणि मांस मऊ असूनही कोरडं लागतं. तासाभराने उरलेलं मिश्रण घाला. मीठ-साखर सुरुवातीलाच सगळी घातली तर आटता आटता रस हाताबाहेर खारट होतो.

या वेळात भाज्या. मुळ्याचे आणि गाजराचे मोठे तुकडे करून छोट्या सुरीने प्रत्येकाच्या कडा तासायच्या, तुकडा गोलसर होईपर्यंत. धारदार कडा पातळ असते, ती आधी शिजते, मोडते आणि रसात विरघळते. गोल तुकडा सगळीकडून सारखा शिजतो आणि अखंड राहतो. तासलेली साल सुपात घालता येते. कोरियन मुळा जाड, बुटका आणि कमी उग्र असतो. आपला पांढरा मुळा घेतलात तर दोन मिनिटं वेगळा उकळून घ्या. भिजवलेल्या शिताके अळंब्या, सोललेले चेस्टनट आणि सुकी लाल बोरं हीही त्यात असतात. ही बोरं आपल्या बोराच्याच कुळातली. ती नसली तर बिया काढलेला खजूर दोन-तीन पुरे. चेस्टनटऐवजी शिंगाडा सुचवला जातो, पण दोन्हींचा काही संबंध नाही. त्यापेक्षा बटाटा बरा. भाज्या शेवटच्या अर्ध्या तासातच घालायच्या. मांस तयार झालं हे ओळखायची खूण सोपी आहे: ते हाडाच्या टोकावरून मागे सरकलेलं दिसतं आणि काडी विनासायास आत जाते.

घाई असेल तर प्रेशर कुकर. कोरियन घरांतही तो सर्रास वापरतात. प्रेशर आल्यावर मंद आचेवर २५ ते ३० मिनिटं, पाणी कमी, आणि भाज्या कुकर उघडल्यावरच.

शेवटचं काढणं चरबीचं. भाज्या घालण्याआधी गॅस बंद करून पातेलं निवू द्या आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी वर पांढरी, कडक थाळी जमलेली असते. सुरीचं टोक कडेने फिरवलं की ती अखंड उचलली जाते, आणि खाली थरथरणारा, तपकिरी, पारदर्शक रस दिसतो. तो थरथरतो म्हणजे कोलॅजनने आपलं काम केलं. आता भाज्या घालून पुन्हा मंद शिजवायचं, मग झाकण काढून आच वाढवायची आणि रस तुकड्यांवर ओतत राहायचं, चकाकी येईपर्यंत. भाजक्या तिळाचं तेल चमचाभर, तेही अगदी शेवटी. आपलं घाणीचं तेल चांगलं असलं तरी तीळ न भाजता काढलेलं असतं, त्याला हा वास नाही. वरून अंड्याचा पिवळा आणि पांढरा भाग वेगवेगळा पातळ परतून शंकरपाळ्यांसारखा कापून ठेवतात.

हे सगळं वाचून कोणीही म्हणेल, सणाच्या दिवशी एवढं कोण करणार? कोरियातल्या सुनाही तेच विचारत आल्या आहेत. सणानंतरच्या थकव्याला तिथे रोगाचं नाव देऊन वर्तमानपत्रं त्यावर लिहितात. २०२२ च्या चुसॉकआधी नैवेद्याचं ताट साधं करावं, तळणीचे प्रकार नसले तरी चालतील, असं जाहीर झालं, आणि ते जाहीर केलं त्याच सॉंगग्युनग्वानने. ही सवलत फार उशिरा आली, पण आली. दोन दिवसांत विभागून केलं तर गाल्बी-जिमचं काम हलकं होतं, आणि बरगड्या धुणं किंवा मुळा तासणं घरातल्या कुठल्याही पुरुषाला जमण्यासारखं आहे.

महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे मूळ कृती जशीच्या तशी करता येईल ती एडिसन किंवा टोरोंटोतल्या मराठी घरांना. इथे डुकराच्या बरगड्या घ्या. ही तडजोड नव्हे. 'द्वेजी-गाल्बी-जिम' हा कोरियातलाच रोजच्या खर्चाला परवडणारा प्रकार आहे. भिजवणं तासभर पुरतं, शिजणं सव्वा तासात होतं, आलं थोडं जास्त. म्हशीच्या मांसाच्या बरगड्या मिळाल्या तर त्यांना गोमांसापेक्षा तासभर जादा द्यावा लागतो आणि चरबी कमी असल्याने रस पातळ राहतो.

तिखटाशिवाय जेवण अळणी वाटणाऱ्यांसाठी देगू शहराची तऱ्हा आहे. तिथल्या दोंगिन-दोंग भागातल्या एका गल्लीत ओळीने बरगड्यांचीच दुकानं आहेत. ठोकून पोचे आलेल्या पातळ धातूच्या भांड्यात, भरपूर ठेचलेला लसूण आणि लाल मिरचीपूड घातलेलं लालभडक जिम ते वाढतात. बोरं नाहीत, चेस्टनट नाहीत, अंड्याची नक्षी नाही. मांस खाऊन झालं की भांड्यात उरलेल्या लसणीच्या रसात भात कालवायचा. घरी करायचं तर वरच्याच कृतीत भाज्या गाळा, लसूण दुप्पट करा आणि चकाकी आणण्याच्या वेळी दोन मोठे चमचे कोरियन मिरचीपूड घाला. आपली ब्याडगी चालेल. लवंगी घातलीत तर प्रमाण चौथाईवर आणा.