कोरडे हात, टोरीचे तेल आणि काही पक्के गैरसमज

गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली तालुक्यात हात कोरडे पडायला हिवाळ्याची वाट पाहावी लागत नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचायची, मे महिन्यात तेंदूपाने तोडायची, पावसाळ्यात धानाची रोवणी करायची आणि उरलेल्या वेळात चूल व भांडी. या हातांसाठी घरोघरी उपायही आहेत. त्यांतले काही उत्तम, काही निरुपयोगी, तर एखाददुसरा धोक्याचा. अडचण अशी की सगळे सारख्याच खात्रीने सांगितले जातात.

तेल चोळले की कातडीला ओलावा मिळतो.

तेलात पाणी नसते, त्यामुळे ते ओलावा देऊ शकत नाही. असलेला ओलावा उडू न देणे एवढेच त्याचे काम. हात कोरडे पडतात ते कातडीच्या सर्वांत वरच्या थरातले पाणी निघून गेल्यामुळे. शिवाय तळहातावर तैलग्रंथीच नसतात. तिथे फक्त घामाच्या ग्रंथी असतात, म्हणून तळहाताला तेल बाहेरूनच द्यावे लागते. तेल लावताच पांढुरके पापुद्रे बसतात आणि हात चकाकतो, त्यामुळे ओलावा मिळाल्याचा समज होणे साहजिक आहे. पण ठणठणीत कोरड्या हातावरचे तेल कोरडेपणावरच झाकण घालते. हात आधी साध्या पाण्यात भिजवावेत, फडक्याने नुसते टिपावेत आणि ओलसर असतानाच तेल लावावे. क्रम उलटला की उपाय वाया जातो. त्यात तेलाचा दोष नसतो.

टोरीचे तेल गावठी. खरा गुण बाजारातल्या डबीत.

मोहाच्या बियांचे, म्हणजे टोरीचे, तेल थंडीत थिजते. त्यात ओलेइक आम्लाबरोबर पामिटिक आणि स्टिअरिक ही घट्ट स्निग्धाम्ले भरपूर असतात. त्यामुळे त्याचा थर हातावर टिकतो, आणि कोरड्या हाताला हवा असतो तो हाच गुण. बाजारातली मलमेही मुख्यतः याच तत्त्वावर चालतात. त्यांत पाणी आणि सुगंध आधीच मिसळलेला असतो. टोरीच्या तेलाला नावे ठेवली जातात ती वासामुळे, आणि ते तेल जुने होऊन खवट झाले की उग्र वास येतो हे खरेच आहे. खवट तेल भेगाळलेल्या हाताला झोंबूही शकते. ताजे तेल झाकून, सावलीत ठेवावे. मात्र त्याने भेगा रातोरात भरतील, अशी अपेक्षाही धरू नये.

पाण्यात राबणारे हात कोरडे पडत नाहीत.

ऐकायला पटते, जिथे पाणी तिथे कोरडेपणा कसा? पण रोवणीच्या दिवसांत हातांची सालपटे निघतात ती नेमकी पाण्यामुळेच. तासन्तास चिखलात राहिलेली कातडी फुगते, तिच्यातली नैसर्गिक स्निग्धता आणि पाणी धरून ठेवणारी द्रव्ये धुऊन जातात. हात बाहेर निघाला की उरलेला ओलावाही झपाट्याने उडतो. भिजणे-वाळणे दिवसभर चालू राहिले की भेगा पडतात. गरम पाणी हे काम आणखी लवकर करते. म्हणून भिजवणे पंधरा-वीस मिनिटांचे, तेही साध्या पाण्यात, आणि लगेच तेल.

राख निसर्गाची, म्हणून साबणापेक्षा सौम्य.

लाकडाची राख पाण्यात कालवली की क्षारयुक्त पाणी तयार होते. भांड्याचा तेलकटपणा निघतो तो त्यामुळेच, आणि हाताची स्निग्धताही त्याच झटक्यात जाते. निरोगी कातडी किंचित आम्लधर्मी असते. राखेचे पाणी तिच्या अगदी विरुद्ध. भांडी राखेने घासायला हरकत नाही, पण नंतर हात स्वच्छ पाण्याने धुऊन तेल लावायला विसरू नये. हात मऊ व्हावेत म्हणून चोळतात त्या लिंबू-साखरेची गत थोडी वेगळी आहे. साखरेने मेलेली कातडी घासली जाते, म्हणून हात क्षणभर मऊ लागतात. लिंबाचा तीव्र आंबटपणा मात्र भेगांत आग करतो, आणि रस हातावर असताना उन्हात गेल्यास काळे डाग किंवा फोडही येऊ शकतात.

जंगलातले औषध अपाय करत नाही.

या समजुतीला बिब्ब्याइतके चांगले उत्तर नाही. बिब्ब्याचे फूल खाल्ले जाते, आतली गोडंबी पौष्टिक मानली जाते आणि टाचेच्या भेगांत बिबा तापवून भरण्याची रीत जुनी आहे. एवढे असताना त्याची भीती कोणाला वाटावी? पण टरफलातले काळे तेल ही वेगळी चीज आहे. धोबी त्याने कपड्यांवर खुणा करत, इतका त्याचा डाग पक्का. काजूच्या टरफलातल्या दाहक तेलाचे ते जवळचे नातलग असून, दोन्ही झाडे एकाच कुळातली. टाचेच्या जाड कातडीवर त्याचा दाह कधी कधी जाणवत नाही; हाताच्या पाठीवर, बोटांच्या बेचक्यात तेच तेल फोड उठवते. काहींना ही पुरळ एक-दोन दिवसांनी उठते, त्यामुळे दोष भलत्यालाच दिला जातो. पहिल्यांदा काही झाले नाही म्हणून पुढच्या वेळी होणार नाही, असेही नाही. हाताला बिबा लावूच नये.

कष्टाचे हात असेच असतात, त्यात पाहायचे काय?

बहुतेक वेळा खरोखरच पाहण्यासारखे काही नसते. पण गडचिरोली आणि चंद्रपूर हे महाराष्ट्रातले कुष्ठरोगाचे रुग्ण अधिक आढळणारे जिल्हे आहेत. बाबा आमट्यांचे कुष्ठरुग्णांसाठीचे आनंदवन याच चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याजवळ उभे राहिले. कुष्ठरोगाचे जंतू मज्जातंतूंना इजा करतात आणि घाम आणणाऱ्या बारीक तंतूंचे काम बंद पडते. घाम थांबला की तळहात खडखडीत कोरडा होतो. हे दुखत नाही, खाजत नाही. म्हणूनच कामाचा परिणाम समजून महिनोन्‌महिने तेल चोळले जाते.

फरक ओळखता येतो. कष्टाने दोन्ही हात साधारण सारखेच खरखरीत होतात. कुष्ठरोगात मात्र मे महिन्याच्या उकाड्यात एका हाताला घाम सुटतो आणि दुसरा कोरडाच राहतो, डोळे मिटून कापसाचा स्पर्श कळत नाही, गरम भांड्याचा चटका बसून फोड येतो पण समजत नाही, करंगळी वाकू लागते, अंगावर बधिर फिकट चट्टा दिसतो. यांतले एखादेही लक्षण दिसल्यास आशा कार्यकर्तीला सांगावे किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात तपासून घ्यावे. औषधे मोफत मिळतात, प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने घ्यावी लागतात, आणि सुरू केल्यावर थोड्याच काळात रुग्णापासून इतरांना संसर्ग होण्याचे थांबते. भिजवून तेल लावण्याचा उपाय या रुग्णांनाही शिकवला जातो. मात्र पाणी गरम नाही ना, हे बधिर हाताने न पाहता दुसऱ्याकडून पाहून घ्यावे.

कुष्ठरोगाच्या गोळ्यांनीच कातडी काळी आणि कोरडी पडते, म्हणून त्या सोडाव्यात.

यातला पहिला अर्धा भाग खरा आहे, म्हणूनच हा गैरसमज चिवट आहे. क्लोफाझिमीन या औषधाने कातडी काळपट होते, कोरडीही पडते. पण तो रंग औषध संपल्यावर काही महिन्यांत हळूहळू उतरतो, आणि कोरडेपणाला भिजवणे व तेल पुरते. गोळ्या मध्येच सोडल्यास मात्र मज्जातंतूंची झीज चालू राहते, आणि गेलेली संवेदना बहुधा परत येत नाही.