तंतोतंत जुळणारी सही

2022 साली बॉब डिलनच्या ‘द फिलॉसॉफी ऑफ मॉडर्न साँग’ या पुस्तकाच्या नऊशे प्रती, प्रत्येकी 599 डॉलरला, लेखकाच्या हातच्या सहीसह विकायला काढल्या होत्या. सही अस्सल असल्याचं प्रकाशकाचं पत्रही सोबत होतं. प्रती हातात पडल्यावर ग्राहकांनी सह्यांचे फोटो एकमेकांना दाखवले आणि बिंग फुटलं. अनेक सह्या रेघेला रेघ जुळत होत्या, कारण त्या ऑटोपेन नावाच्या यंत्राने केलेल्या होत्या. प्रकाशकाला पैसे परत करावे लागले आणि डिलनने माफी मागितली. घरातली एखादी नामवंताची सही विकायला काढणाऱ्याने हे प्रकरण लक्षात ठेवावं. आपण सहसा इंटरनेटवरचा नमुना शोधतो, शेजारी धरतो आणि हुबेहूब जुळला की निर्धास्त होतो. खरं तर तिथेच संशय यायला हवा. माणसाचा हात तीच सही दोनदा सारखी करत नाही. एकीवर दुसरी तंतोतंत बसत असेल तर ती गिरवलेली, छापलेली, शिक्क्याची किंवा यंत्राची असण्याचीच शक्यता जास्त. भिंगाखाली पाहिलं तर सराईत हाताची रेघ वेगाने सुटते आणि टोकाला निमुळती होते. गिरवणाऱ्याची रेघ मात्र सावध चालते, मध्येच थबकते, शेवटी बोथट होते.

मग वेडीवाकडी प्रत्येक सही खरी मानायची का, असं कुणी विचारेल. तसं नाही. फरकालाही मर्यादा असते आणि ती त्याच काळातल्या, खात्रीच्या अनेक सह्या पाहिल्याशिवाय कळत नाही. ‘खात्रीच्या’ हा शब्द इथे फार महाग आहे. 1983 मध्ये जर्मनीच्या ‘श्टेर्न’ साप्ताहिकाने लाखो मार्क मोजून विकत घेतलेल्या हिटलरच्या तथाकथित रोजनिशा छापायला घेतल्या, त्याआधी हस्ताक्षरतज्ज्ञांनी त्या खऱ्या ठरवल्या होत्या. तज्ज्ञ आंधळे नव्हते. त्यांना तुलनेसाठी दिलेल्या नमुन्यांतच, त्या रोजनिशा रचणाऱ्या कोनराड कुयाऊनेच बनवलेले कागद मिसळलेले होते, म्हणजे कुयाऊची तुलना कुयाऊशीच झाली. शेवटी त्याला पकडलं ते कागदाने. त्यात युद्धानंतर वापरात आलेलं, कागद उजळ करणारं रसायन सापडलं. वस्तूची अशी साक्ष अक्षरापेक्षा पक्की असते. बेब रूथ हा अमेरिकन बेसबॉलपटू 1948 मध्ये गेला. त्याची सही असलेल्या चेंडूवर 1984 मध्ये पद स्वीकारलेल्या लीग-अध्यक्ष बॉबी ब्राऊनचं नाव छापलेलं असेल, तर भिंग काढायचीही गरज नाही. मात्र हा पुरावा एकाच बाजूने चालतो. जुन्या वहीचं कोरं पान कुणालाही मिळू शकतं, त्यामुळे जुना कागद सही खरी ठरवत नाही.

फसवण्याचा हेतू नसलेल्या सह्या आणखी अडचणीच्या. जीन हार्लो या हॉलिवूड नटीच्या फोटोंवर तिची आई सह्या करी, तर बीटल्सच्या कित्येक सह्या त्यांचे मदतनीस नील अ‍ॅस्पिनॉल आणि मॅल इव्हान्स यांच्या हातच्या आहेत. कागद त्या काळचा, शाई त्या काळची, घरी ठेवणारा प्रामाणिक. फक्त हात दुसऱ्याचा. म्हणून सही कुणी, कुठे, कशी मिळवली याची साखळी मला सर्वांत मोलाची वाटते. ‘आमच्या आजोबांनी घेतली होती’ या वाक्याला पुरावा म्हणत नाहीत, पण त्याची तपासणी करता येते. गांधीजी हरिजन निधीसाठी सहीचे पाच रुपये घेत, आणि उजवा हात थकला की डाव्या हाताने लिहीत; तेव्हा निव्वळ वळणावरून त्यांची सही बाद करणं घाईचं. त्याऐवजी पानावरची तारीख आणि गाव घ्यावं. चंदुलाल दलाल यांनी 1915 ते 1948 या काळातला गांधीजींचा तारीखवार वृत्तांत इंग्रजीत ग्रंथबद्ध केला आहे. त्या दिवशी ते मुळात त्या गावात होते का, हे तिथे पाहता येतं.

एवढं करण्यापेक्षा प्रमाणपत्र विकत घेऊन मोकळं व्हावं, हा सल्ला सर्रास मिळतो. डिलनच्या पुस्तकासोबतही पत्र होतंच. प्रमाणपत्रात काय तपासलं, कशाशी ताडलं हे लिहिलेलं नसेल तर तो फक्त आणखी एक सही असलेला कागद. विक्रेत्याने जाहिरातीतही तेवढंच लिहावं जेवढं दाखवता येईल: तारीख, गाव, कुणाकडून कुणाकडे आली. आणि ऐतिहासिक मोलाचा कागद 75 वर्षांहून जुना असेल, तर 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे खासगी व्यक्तीला तो परदेशी पाठवता येत नाही; लंडनच्या लिलावाचे आकडे पाहून हुरळण्याआधी हे वाचून घ्यावं.