सिंफनी ऐकताना टाळी केव्हा वाजवावी?

पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या मैफलीला प्रथमच जाणाऱ्या श्रोत्याला अनेकदा टाळीचीच धास्ती वाटते. समेवर दाद देण्याची सवय असलेला आपला रसिक तेथे हमखास गोंधळतो. वादन थांबले म्हणून त्याने टाळी वाजवावी, तर शेजारचे वळून पाहतात. कारण संपलेला असतो तो रचनेचा केवळ एक भाग.

बेथोव्हेन यांच्या नवव्या सिंफनीत या संयमाला विशेष अर्थ आहे. सुमारे ७० मिनिटांच्या या रचनेचे चार भाग आहेत. वाद्यवृंदामागे बसलेल्या गायनवृंदाला पहिल्या तीन भागांत एकही स्वर गायचा नसतो. चौथ्या भागाच्या आरंभी आधीच्या तिन्ही भागांतील सुरावटी क्षणभर डोकावतात आणि चेलो व डबल बास ही खर्जातील तंतुवाद्ये त्यांना जणू नकार देतात. मग हीच वाद्ये हलक्या आवाजात एक धून छेडतात. ती इतकी साधी आहे की एकदा ऐकून कोणालाही गुणगुणता यावी. वाद्यावाद्यांतून ती चढत जाते. त्यानंतर प्रथम एक पुरुषस्वर उमटतो, पाठोपाठ गायनवृंद आणि अन्य तीन एकल गायक शिलर यांचे काव्य गाऊ लागतात. मानवी कंठाचा हा प्रवेश इतका परिणामकारक ठरतो, तो त्याआधीच्या दीर्घ प्रतीक्षेमुळेच.

मात्र, दोन भागांमधील मौनाचा दंडक बेथोव्हेन यांच्या काळातील नव्हे. तो विसाव्या शतकात पक्का झाला. ७ मे १८२४ रोजी व्हिएन्नात ही सिंफनी प्रथम सादर झाली, तेव्हा श्रोत्यांनी मध्येच टाळ्यांचा कडकडाट केल्याचे सांगितले जाते. श्रवणशक्ती गमावलेले बेथोव्हेन मंचावर होते, पण वादकांची भिस्त मिखाएल उमलाउफ यांच्या संचालनावर होती. श्रोत्यांकडे पाठ असलेल्या बेथोव्हेन यांना टाळ्या ऐकू आल्या नाहीत. गायिका कॅरोलिन उंगर यांनी त्यांना वळवून त्या दाखवल्या, अशी आठवण नोंदलेली आहे.

भारतात अशा मैफलींचे प्रमुख केंद्र मुंबईतील एनसीपीए आहे. २००६ मध्ये स्थापन झालेला सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया तेथलाच. रचनेचे भाग किती, हे बहुधा कार्यक्रमपत्रिकेत छापलेले असते. मोजणी चुकलीच, तर संचालकाच्या हातांकडे पाहावे: ते पूर्ण खाली येऊन संचालक श्रोत्यांकडे वळेपर्यंत थांबावे.