पाहुण्यांचं पीक

मराकेशहून अझिलालमार्गे आइत बूगमेझच्या खोऱ्यात पोहोचायला गाडीनं चार-पाच तास लागतात. मोरोक्कोच्या मध्य हाय अ‍ॅटलसमधलं हे खोरं समुद्रसपाटीपासून 1,800 मीटरच्या आसपास आहे. तळाशी पाटाच्या पाण्यावरची बार्ली आणि बटाटा, कडेनं अक्रोड आणि सफरचंद, वर उघडेबोडके डोंगर, आणि त्यांच्यामागे 4,000 मीटरहून उंच मगून. घरं मात्र डोंगराच्या पायथ्याला चिकटलेली. भिजणारी जमीन इथं मोजकी, ती घर बांधून कोण अडवणार?

यातल्या काही घरांवर ‘झीत’ अशी पाटी असते. झीत म्हणजे पायी फिरणाऱ्यांच्या मुक्कामाचं घर. नाव फ्रेंच असलं, तरी खोली इथलीच आहे. जुन्या आमाझिग, म्हणजे बर्बर घरात तळाला गुरं, त्यावर चूल आणि कुटुंब, आणि माडीवर तामेसरीत, पाहुण्यांची खोली. घरातले चांगले गालिचे तिथं, जमलं तर छतही रंगवलेलं. 1980 च्या दशकात मोरोक्को आणि फ्रान्स यांच्या सहकार्यातून या डोंगरांत पर्यटन आणायचं ठरलं, तेव्हा हॉटेलं बांधण्यापेक्षा गावकऱ्यांच्या घरांतच सोय करण्यावर भर दिला गेला. गाद्या, संडास, न्हाणीघर एवढी भर पडली. खोऱ्यातल्या ताबांत गावात पर्वतीय वाटाड्यांचं प्रशिक्षण केंद्रही निघालं.

मुक्कामाची रीत साधी. जोडे बाहेर. भिंतीलगतच्या बैठकीवर बसलं की चहा येतो: चिनी हिरवी पत्ती, पुदिना आणि शंकूसारख्या ढेपेतून फोडलेली साखर. रात्री मधोमध एकच ताजीन, म्हणजे मातीच्या भांड्यात शिजवलेलं कालवण, ठेवतात आणि सगळे आपापल्या समोरच्या बाजूनं, भाकरीच्या तुकड्यानं खातात. जेवण उरकलं की त्याच बैठकीवर लोकरी घोंगड्या घेऊन झोपायचं. रात्रीचं जेवण आणि सकाळची न्याहारी बहुधा भाड्यातच धरलेली. आंघोळीला गरम पाणी हवं, तर आधी सांगावं. काही घरांत त्यासाठी लाकडं पेटवावी लागतात आणि या उंचीवर सरपण सहज मिळत नाही.

पाटीवर नाव पुरुषाचं, भाव ठरवणारा पुरुष, वाट दाखवणाराही बहुतेक वेळा पुरुषच. भाकरी थापणं, गुरांचा चारा, अंथरुणं ही कामं बायकांची. पाहुण्याची त्यांच्याशी गाठ क्वचित पडते. घर मात्र त्यांच्या हातावर चालतं.

बहुतेक कुटुंबं केवळ खोल्यांवर जगत नाहीत, आणि हीच या व्यवस्थेची ताकद. एकाकडे खोल्या, दुसऱ्याकडे खेचर, तिसऱ्याचा मुलगा वाटाड्या. उन्हाळ्यात मेंढ्या वरच्या कुरणांवर जातात, त्याही गावानं ठरवलेल्या तारखेनंतरच. गवत वाढेपर्यंत चराई बंद ठेवण्याच्या या पद्धतीला अगदाल म्हणतात. शरद ऋतूत पाहुणे वाढतात, तेव्हाच सफरचंद आणि अक्रोड उतरवायचे असतात, म्हणून घरात धांदल. पाहुणे हे बार्ली, फळं आणि मेंढ्यांसोबतचं आणखी एक पीक. ते बुडण्याचा अनुभवही आहे. मार्च 2020 मध्ये कोविडच्या साथीमुळे देशाच्या सीमा बंद झाल्या. 8 सप्टेंबर 2023 रोजी 6.8 तीव्रतेच्या भूकंपात सुमारे 3,000 माणसं गेली. सर्वाधिक हानी पश्चिमेकडच्या अल हाऊझ भागात झाली. तिथं माती-दगडाची अख्खी गावं कोसळली आणि मुक्कामाची घरंही त्यात होती.

भूकंपानंतर घरं मातीची बांधावीत की सिमेंटची, हा वाद सुरू झाला. जाड मातीची भिंत थंडीत ऊब धरते, सिमेंटची धरत नाही. पण जीवाची भीती वाटणाऱ्याला ऊब पुरेशी वाटत नाही. दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं आहे. भिंत कशाचीही असो, मुक्कामाचं घर जोखावं ते गरम पाण्यावरून नव्हे. उद्या एकही प्रवासी आला नाही, तर हे कुटुंब काय खाईल, असं विचारावं. ज्यांचं उत्तर शेताकडे बोट दाखवतं, ती घरं टिकतील. ज्यांनी बागा तोडून खोल्या वाढवल्या, त्यांना पुढचा वाईट हंगाम जड जाईल.